धडकेनंतरचा तास

इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्याला आग्रा-मुंबई रस्ता टाळून फारसे कुठे जाता येत नाही. इथे त्याला सगळे ए. बी. रोड म्हणतात. एका बाजूला भंवरकुआँ आणि जुने शहर, दुसऱ्या बाजूला राऊ. तिथून पुढे मानपूर, मग घाट, खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे बिजासन आणि शेवटी धुळे. ज्यांची भावकी खानदेशात किंवा नाशकात आहे, अशा इथल्या मराठी घरांचा लग्नाकार्याला, मयतीला आणि दिवाळीला जायचा हाच रस्ता. त्याच रस्त्यावर सकाळी स्कूटीवरून शिकवणीला निघालेली मुले असतात, शाळांच्या बस असतात, ई-रिक्षा असतात, आणि राऊ ओलांडले की मुंबईच्या बाजूने येणारे अवजड ट्रक.

१८ जुलै २०२२ रोजी सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एस. टी. खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. बारा जणांचे मृतदेह हाती लागले. इंदूर आणि खानदेश यांचे नाते ज्या रस्त्याने बांधले आहे, त्याच रस्त्याने ती बस निघाली होती.

अशा मोठ्या अपघातांची बातमी होते. आकड्यांत मात्र मोठा वाटा रोजच्या धडकांचा असतो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश तमिळनाडूच्या खालोखाल दुसरा होता : ५४,४३२ अपघात. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत दिल्लीनंतर इंदूरचा क्रमांक लागला. वर्षभरात ४,६८० अपघात, म्हणजे दिवसाला सरासरी बारा-तेरा. पुढच्या वर्षी देशातल्या मृत्यूंचा आकडा १,७२,८९० वर गेला.

अपघात टाळण्याविषयी बोलणे पुष्कळ होते. हेल्मेट, सीटबेल्ट, वेग, दारू यांचे फलक चौकाचौकांत आहेत. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये हेल्मेट नसलेल्याला पेट्रोल देऊ नये, असा आदेशही निघाला. पण धडक झालीच, तर त्यापुढच्या मिनिटांत चालकाने काय करायचे, हे कोणी शिकवत नाही. परवान्याच्या परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. जखमी माणसाला कसे धरावे, पोलिसांना काय सांगावे, विमा कंपनीला काय कळवावे, हे कुणी करून घेत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा चालक ऐकीव गोष्टींवर चालतो, आणि त्या ऐकीव गोष्टींत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेली एकच असते : थांबू नकोस, निघ.

हा सल्ला जखमीच्या जिवावर उठतो. आणि तो देणाऱ्यांना ठाऊक नसते, पण चालकाचेही त्यात नुकसानच होते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधली तीन-चार कलमे या विषयापुरती प्रत्येक चालकाला तोंडपाठ असायला हवीत. कलम १३२ प्रमाणे अपघातानंतर पोलीस अधिकाऱ्याने सांगितले की गाडी थांबवून ठेवावी लागते, आणि अपघाताची झळ पोहोचलेल्या माणसाने आपले नाव-पत्ता देऊन विचारले, तर चालकाला स्वतःचे आणि गाडीमालकाचे नाव-पत्ता द्यावा लागतो. कलम १३४ हे या साऱ्याचे मर्म. माणूस जखमी झाला असो वा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असो, चालकावर तीन कामे येतात. पहिले, जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेण्यासाठी शक्य ते सर्व करणे. दुसरे, पोलिसांनी विचारलेली माहिती देणे. जागेवर पोलीस नसतील, तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जाऊन घडलेले सांगणे. तिसरे, विमा कंपनीला लेखी कळवणे : पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमी वा मृत माणसांचा तपशील, चालकाचे नाव आणि परवाना.

यातले पहिले काम सांगताना कायद्याने एक सवलत ठेवली आहे आणि ती विलक्षण स्पष्ट शब्दांत ठेवली आहे. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे जखमीला नेणे शक्य नसेल, तर चालकाला दोष नाही. मात्र मग ठाण्यात जाऊन, जखमीला का नेता आले नाही हेही त्याने सांगायचे आहे. म्हणजे लोक अंगावर धावून आले, तर जागा सोडायची मुभा आहे. जबाबदारी सोडायची नाही. गाडीचे तोंड घराकडे न वळवता ठाण्याकडे वळवायचे. राजेंद्र नगरात ठाणे वस्तीतच आहे. महामार्गावर असेल, तर पुढचा टोलनाका, पुढचे ठाणे किंवा ११२ हा क्रमांक.

ही कर्तव्ये टाळली, तर कलम १८७ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तसेच केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. एका माणसाला रस्त्यावर रक्तबंबाळ सोडून जाण्याची ही किंमत थोडीच म्हणायला हवी. आणि इथूनच अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा वाद सुरू होतो.

दहा वर्षांची शिक्षा आणि जानेवारीचा संप

जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला कलम ३०४ अ होते आणि कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षे झाली. त्याला जोडून १०६(२) लिहिले गेले : बेदरकार गाडी चालवून माणूस मारला आणि लगेच पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

संसदेत कायदा झाला डिसेंबर २०२३ मध्ये, आणि १ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांनी चाके थांबवली. मध्य प्रदेशात त्याचा जोर फार होता. इंदूर-भोपाळात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, भाजी महागली. याच ए. बी. रोडवर पुढे असलेल्या शाजापूरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी चालकांच्या बैठकीत एका चालकाला तुझी लायकी काय, असे सुनावले. ती चित्रफीत सगळीकडे फिरली आणि मुख्यमंत्री मोहन यादव यांनी त्या अधिकाऱ्याला पदावरून हटवले. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांची संघटना यांची बोलणी झाली. संघटनेशी चर्चा केल्याखेरीज हे उपकलम लागू करणार नाही, असे सरकारने सांगितले. फेब्रुवारीत निघालेल्या अधिसूचनेने बाकीची संहिता लागू करण्याची तारीख ठरवली आणि १०६(२) तेवढे बाजूला ठेवले.

चालकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. थांबलो तर लोक मारतात, गाडी जाळतात. निघालो तर दहा वर्षे आत, असे ते सांगत होते. परगावात, परक्या भाषेत, मोठ्या गाडीवर असलेल्या माणसाला चूक कोणाची हे विचारण्याआधी मार बसतो, हे या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. पण त्या उपकलमाचे शब्द नीट वाचले, तर त्यात शिक्षा आहे ती पळून जाण्याला आणि न कळवण्याला. ठाण्यात जाऊन कळवणारा चालक त्यात सापडत नव्हता. सरकारने हे आधी समजावून सांगितले असते आणि जमावापासून चालकाला वाचवण्याचीही तितकीच ठोस तरतूद केली असती, तर कदाचित रस्ते बंद पडले नसते. आज निघून गेलेल्या चालकासाठी वेगळे म्हणून उरते ते फक्त जुने कलम १८७.

चालकाची आणखी एक भीती दूर करायला हवी. कलम १०६(१) हा गुन्हा जामीनपात्र आहे. अपघात झाला, गुन्हा नोंदवला गेला, म्हणजे माणूस महिनोन्महिने कोठडीत सडणार, असे नाही. गाडीचेही तेच. कलम १३६ प्रमाणे तपासणीसाठी नेलेली गाडी सोपस्कार उरकून २४ तासांत परत द्यायची असते, आणि ठाण्याच्या आवारात गाड्या गंजत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले आहे. प्रत्यक्षात उशीर होतो, चकरा माराव्या लागतात. पण हक्क काय आहे हे माहीत असलेला माणूस निदान अर्ज तरी करतो.

पळून कोण वाचतो

१५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी इंदूरच्या एअरपोर्ट रोडवर, अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत एक ट्रक शिरला. पहिल्या धडकेनंतर तो थांबला नाही. बडा गणपतीच्या दिशेने पुढे जात त्याने एकामागून एक वाहने आणि माणसे चिरडली. एक दुचाकी खाली अडकून फरफटली आणि ट्रकने पेट घेतला. चालक दारू प्यायलेला होता, असे पोलिसांनी सांगितले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पहिल्या धडकेशी तो ट्रक थांबला असता, तर पुढचे सारे घडलेच नसते.

मुंबईत त्याआधी वर्षभर, ७ जुलै २०२४ च्या पहाटे, वरळी कोळीवाड्यातले एक दांपत्य मासळी घेऊन स्कूटरवरून परतत असताना भरधाव बीएमडब्ल्यूने त्यांना उडवले. बाई गाडीत अडकली आणि दूरवर फरफटत नेली गेली. गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण दोन दिवसांनी पकडला गेला. दोन दिवसांनी रक्तात दारू सापडत नाही. शरीर ती तासागणिक जाळत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. रात्री ती ओलांडलेला माणूसही दुसऱ्या दिवशी दुपारी कोराच ठरतो. प्यायलेल्या चालकाला पळून जाण्यात फायदा दिसतो, तो यामुळे.

पुण्याच्या कल्याणी नगरात १९ मे २०२४ ला पोर्शेखाली दोन तरुण अभियंते मेले. दोघेही मध्य प्रदेशातले, एक जबलपूरची, एक उमरिया जिल्ह्यातला. तिथे चालवणारा अल्पवयीन मुलगा लोकांच्या हाती लागला होता, पळाला नव्हता. तरी रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, आई-वडिलांनाही झाली. अपघातानंतरच्या काही तासांत काय केले गेले, यावरच त्या प्रकरणाचा निम्मा भार आहे. धडक एका क्षणाची असते. पुढचे प्रत्येक कृत्य मात्र ठरवून केलेले असते, आणि न्यायालय त्याकडे त्याच नजरेने पाहते.

याउलट, थांबलेल्या, जखमीला उचललेल्या, स्वतः ठाण्यात गेलेल्या चालकाच्या बाजूने पहिल्याच दिवशी काही गोष्टी जमा होतात. त्याने कळवल्याची वेळ नोंदली जाते. रुग्णालयाच्या कागदावर आणणारा म्हणून त्याचे नाव येते. त्याची चाचणी वेळेत होते आणि तो शुद्धीत होता, हे सिद्ध होते. समोरचा चुकीच्या बाजूने आला असेल, तर रस्त्यावरच्या खुणा पुसल्या जाण्याआधी त्या दाखवता येतात. पुढे खटला चालला, तर त्याला आधार याच कागदांचा असतो.

आधी माणूस

धडकेनंतर पहिले काम गाडीचे. इंजिन बंद, हॅजार्डचे चारही दिवे चालू, शक्य असेल तर गाडी कडेला. नव्या मोटारींबरोबर चकाकणारा लाल त्रिकोण मिळतो. बहुतेकांच्या डिकीत तो प्लास्टिकच्या पिशवीतच असतो. तो मागे निदान पन्नास पावलांवर ठेवावा. घाटात किंवा वळणावर त्याहून लांब, वळणाच्या अलीकडे. अपघात पाहायला उभ्या असलेल्या माणसांवर मागून दुसरी गाडी आदळण्याचे प्रकार महामार्गावर सतत होतात. ए. बी. रोडवरचा गणपती घाट तर उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्ध. तिथल्या अपघातांमुळेच शेवटी वेगळा पर्यायी मार्ग बांधावा लागला.

मग फोन. मध्य प्रदेशात पोलिसांसाठी डायल १०० ची गाडी २०१५ पासून फिरत होती. ऑगस्ट २०२५ पासून तिची जागा डायल ११२ ने घेतली आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर आधी जागा सांगायची, मग काय झाले ते, मग किती जखमी. जागा म्हणजे कोणत्या दिशेने जाताना, कोणता किलोमीटरचा दगड, जवळ कोणता पूल किंवा ढाबा. तरी मदत वेळेत येईलच असे नाही. माजी आमदार विनायक मेटे यांचा १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात झाला. मदत यायला फार वेळ लागला, अशी त्यांच्या चालकाने तक्रार केली आणि सरकारला चौकशी लावावी लागली. महाराष्ट्रातल्या इतक्या गजबजलेल्या रस्त्यावर, एका नेत्याच्या वाट्याला हे आले. घाटाच्या मध्यावर उलटलेल्या पिकअपमधल्या मजुरांची कल्पनाच केलेली बरी.

जखमीला हात लावताना घाई आणि हयगय दोन्ही घातक. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब धरून ठेवावा. कापड भिजले तर ते न काढता वरून दुसरे ठेवावे. अंगात काच, सळई घुसली असेल तर ती उपसू नये. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला, हातपाय हलवता न येणाऱ्याला ओढून बसवू नये. आग लागली किंवा गाडी येऊन आदळण्याची भीती असली तरच हलवावे, आणि तेही डोके-मान-धड एका रेषेत धरून तीन-चार जणांनी. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासात जात नाही. पाणी पाजायचा आपल्याकडे फार आग्रह असतो. तो मोडून काढला पाहिजे. बेशुद्धाच्या घशात पाणी अडकते, आणि शस्त्रक्रिया करायची झाली तर पोट रिकामे असलेले बरे.

पहिल्या तासाला डॉक्टर सोनेरी तास म्हणतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी ही कल्पना रुजवली आणि २०१९ पासून आपल्या मोटार वाहन कायद्यातही तिची व्याख्या आली. राजेंद्र नगरच्या परिसरात झालेल्या अपघातासाठी चोईथराम रुग्णालय जवळ आहे आणि सरकारी उपचारांसाठी महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे ‘एम वाय’. पैसे भरा, पोलिसांचा कागद आणा, मग बघू, असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने पोलीस केस म्हणून परत पाठवले, दूरच्या रुग्णालयात नेताना तो वाटेत मेला, अशी वर्तमानपत्रातली हकिकत घेऊन ती याचिका दाखल झाली होती. कलम १३४ मध्येही डॉक्टरावर हेच कर्तव्य आहे.

पैशाचा प्रश्नही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ५ मे २०२५ ला केंद्राने रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर जखमी झालेल्या कोणालाही, नेमलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत मुदत घालून दिली नसती, तर ती आणखी रेंगाळली असती. हा अपघातच आहे, हे पोलिसांकडून नोंदवले जाणे त्यात गरजेचे असते. चालकाने वेळेत कळवण्याचा जखमीला होणारा हा सरळ फायदा आहे.

आणि बघ्यांसाठी एक गोष्ट. जखमीला उचलून नेणाऱ्या तिऱ्हाइताला नाव सांगायची, साक्ष द्यायची, रुग्णालयात पैसे भरायची सक्ती करता येत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये कलम १३४-अ आले. पीयूष तिवारी यांनी ही संस्था २००८ मध्ये काढली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा कोवळ्या वयाचा चुलतभाऊ रस्त्यावर मदतीवाचून गेला होता. गंभीर जखमीला सोनेरी तासात पोहोचवणाऱ्याला आता राहवीर म्हणून २५ हजारांचे बक्षीसही आहे.

कागद, फोटो, विमा

जखमी मार्गी लागला की मोबाइल काढावा, त्याआधी नाही. दोन्ही गाड्यांचे नंबर, धडकेची जागा, चाकांच्या खुणा, विखुरलेल्या काचा, रस्त्याची रुंदी, सिग्नल, खड्डा, समोरच्या दुकानावरचा कॅमेरा : इतके फोटो पुरतात. जखमीचे किंवा मृताचे चेहरे टिपून समूहांवर पाठवणे हे अमानुष आहे. घरच्यांना कळण्याआधी फोटो पोहोचल्याचे प्रसंग कितीतरी घरांत घडले आहेत. साक्षीदार राजी असेल तर त्याचा क्रमांक घ्यावा. समोरच्याशी ‘चूक कोणाची’ यावर रस्त्यावर वाद घालू नये. आपण घाबरून ‘माझंच चुकलं’ म्हणून लिहून देऊही नये आणि समोरच्याकडून तसे लिहून घेऊही नये.

भंवरकुआँच्या सिग्नलला दोन स्कूटी घासल्या, आरसा तुटला, अशा वेळी लोक म्हणतात, ‘आपस में निपटा लो.’ एवढ्याशा गोष्टीला ते ठीकही आहे. पण माणूस पडला असेल, डोके आपटले असेल, तर दोन हजार हातावर ठेवून निघणे दोघांनाही महाग पडते. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनी दिसू लागतो. त्या वेळी जखमीकडे नोंद नसते आणि चालकाकडे पुरावा नसतो; राहतो फक्त ‘पळून गेला’ हा आरोप.

युरोपात यासाठी एक साधी सोय आहे. गाडीत अपघात-निवेदनाचा छापील कागद ठेवलेला असतो. दोन्ही चालक तो मिळून भरतात, नकाशा काढतात, सह्या करतात आणि एकेक प्रत आपापल्या विमा कंपनीला देतात. चूक कबूल करणे त्यात नसते, फक्त घटना असते. जर्मनीत तर प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम केल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि अपघातस्थळावरून निघून जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्या विमा कंपन्यांना तसा एक पानी मराठी-हिंदी कागद पॉलिसीबरोबर देणे अवघड नाही.

विम्याबाबत गैरसमज फार. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, तो जखमीसाठी. चालक प्यायलेला होता किंवा त्याचा परवाना संपला होता, तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बहुतेकदा कंपनीला आधी जखमीला भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हा रस्ता ठरला आहे. म्हणून खरे सांगण्यात जखमीचे नुकसान नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी सर्व्हेयर येण्याआधी दुरुस्ती सुरू करू नये. कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणाने रास्त दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच सांगितले आहे. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही पॉलिसीत असते. घरच्यांना ते माहीतच नसल्याने कित्येकदा मागितलेच जात नाही.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. भरपाईचा अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत आहे. वकिलाच्या शोधात आणि तेराव्याच्या गडबडीत ही मुदत हातची जाते.

गाडी सापडलीच नाही तर

२०२२ मध्ये ठोकर मारून पळून गेल्याच्या ६७,३८७ घटना देशात नोंदल्या गेल्या. त्यांत ३०,४८६ माणसे मेली. गाडी कोणाची हे कळले नाही, तरी मृताच्या घरच्यांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये देणारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये देशभरातून या योजनेखाली फक्त २०५ अर्ज आले आणि ९५ निकाली निघाले.

हा आकडा जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा न्यायालयाने पोलिसांवर एक काम सोपवले. गुन्हा नोंदवल्यापासून महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर ठाणेदाराने जखमीला किंवा मृताच्या वारसांना लेखी कळवायचे : तुम्हाला या योजनेत भरपाई मागता येते, आणि त्या भागाचा दावे चौकशी अधिकारी अमुक ठिकाणी बसतो. हे चौकशीचे काम महसुली उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे असते. अर्जासोबत गुन्ह्याची प्रत, शवविच्छेदनाचा किंवा उपचारांचा अहवाल, ओळखीचा पुरावा आणि बँकेच्या खात्याचा तपशील लागतो. ठाण्याकडून ते पत्र आले नाही, तर घरच्यांनी गुन्ह्याचा क्रमांक घेऊन जावे आणि ते मागून घ्यावे.